समुद्रतळाच्या सम्राटासाठी शांतता

सोसायटीत त्यांना सगळे सीडीवाले म्हणत. सीडी नावाची वस्तू जगातून जवळपास नाहीशी झाली होती, आणि सीडीवाल्यांनी ती कधी विकलीही नव्हती. ते एका छोट्या कंपनीत कामाला होते. जुने, विसरलेले, पडलेले आणि पडून पुन्हा कुणीतरी उचललेले सिनेमे साफसूफ करून डिस्कवर काढायचे, हा कंपनीचा उद्योग. सीडीवाले तिथे पुरवणी विभागाचे प्रमुख होते. सिनेमाबरोबर डिस्कवर जे जे जादा असतं, म्हणजे मुलाखती, कापलेले प्रसंग, सोबतची पुस्तिका, ते सगळं या विभागाचं. विभागात ते एकटेच असल्यामुळे त्यांचं प्रमुखपद निर्विवाद होतं. पण एवढं सगळं जिन्यात भेटलेल्या माणसाला समजावून सांगेपर्यंत तो वरच्या मजल्यावर पोचलेला असे, आणि कठड्यावरून वाकून विचारत असे, "काय सीडीवाले, आमच्या लग्नाची कॅसेट फोनवर घेऊन द्याल का?"

सीडीवाले उत्तर देत नसत. अपमान गिळायचा, पण चेहऱ्यावर चव दिसू द्यायची नाही, ही कला त्यांना साधली होती.

त्या वर्षी कंपनीच्या यादीत 'समुद्रतळाचा सम्राट' आला. हा सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा आठवडाभरही टिकला नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी कुठल्याशा कॉलेजातल्या पोरांच्या हाती त्याची एक खराब प्रत लागली आणि तो अमर झाला. हॉलमध्ये दाटीवाटीने बसून, संवाद पात्रांच्या आधी म्हणत, पोट धरधरून हसत बघायचा सिनेमा, अशी त्याची कीर्ती झाली. असल्या सिनेमाला या धंद्यात 'कल्ट' म्हणतात. ज्याची टिंगल करायला माणसं पुन्हा पुन्हा, आणि मोठ्या प्रेमाने येतात, तो कल्ट. सम्राटातला सगळ्यात लाडका प्रसंग म्हणजे आठ पायांच्या राक्षसाचं आगमन. हा राक्षस ट्रकच्या ट्यूब जोडून केलेला होता. आठांपैकी दोनच पाय हलत, उरलेले सहा वाळत घातलेल्या पायमोज्यांसारखे लोंबत. नायिका तो यायच्या बरंच आधी किंचाळून घेई आणि तो आल्यावर शांतपणे उभी राही.

सीडीवाले या प्रसंगाला कधीही हसले नव्हते. ते अभ्यासक होते. पुस्तिकेसाठी त्यांनी लेखही लिहून ठेवला होता: 'रबर आणि आधुनिक माणसाची घुसमट'. लेख वाचून बायको म्हणाली होती, "घुसमट मात्र चांगली झालीय."

"लेख जाऊ द्या," कंपनीचे मालक म्हणाले. मालक सीडीवाल्यांपेक्षा वयाने बरेच लहान होते आणि बोलताना दुसऱ्या कुणाला तरी मेसेज लिहीत असत. "दिग्दर्शक हयात आहेत ना? त्यांची कॉमेंटरी आणा. सिनेमा लोक फोनवर फुकट बघतात. डिस्क घेतात ती तुमच्या त्या जादा मालासाठी. कॉमेंटरी आली तर सम्राट निघेल. नाहीतर त्याच्या जागी तो कराटेवाला सिनेमा आहेच."

'जादा माल' हा शब्द सीडीवाल्यांना पुढे दोन दिवस टोचत राहिला.

कॉमेंटरी म्हणजे काय, हे त्यांनी घरी समजावून सांगितलं. दिग्दर्शकाने आपला सिनेमा बघत बघत बोलत जायचं, हे कसं केलं, ते का केलं. ते सगळं ध्वनिमुद्रित करायचं आणि डिस्क घेणाऱ्याने हवं तर ते ऐकत सिनेमा बघायचा.

"म्हणजे सिनेमा चालू असताना मधे मधे बोलायचं," बायको म्हणाली. "ते तर तुम्ही नेहमीच करता. आणि कुणी मागितलेलं नसताना."

दिग्दर्शक सापडले. सम्राट पडल्यावर त्यांनी चष्म्याचं दुकान टाकलं होतं आणि उभं आयुष्य त्यात काढलं होतं. त्यांच्या भागात त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. त्यांनी कधी काळी सिनेमा काढला होता हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. फोनवर बोलली ती त्यांची मुलगी. ती दातांची डॉक्टर होती आणि समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलायची तिला सवय होती.

"बाबा तयार आहेत. तुमचा फोन आल्यापासून सूट दोनदा इस्त्रीला देऊन झाला," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण एक सांगते. लोक तो सिनेमा का बघतात, हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, उशिरा का होईना, लोकांना तो कळला. ते ऐंशीच्या पुढे आहेत हो. तेवढं त्यांना तसंच वाटू द्या."

सीडीवाल्यांनी शब्द दिला. शब्द देण्याचे प्रसंग पुरवणी विभागात फारसे येत नसत, त्यामुळे तो देताना त्यांचा आवाज जरा दाटूनच आला.

आता प्रश्न होता जागेचा. कंपनीची ध्वनिमुद्रणाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती, आणि चष्मेवाल्यांचे गुडघे पहिल्या मजल्यालाच संप पुकारत. चष्मेवाल्यांच्या घराखाली पत्रे ठोकायचं वर्कशॉप होतं. मुलीच्या दवाखान्यात तर बोलायलाच नको. उरलं सीडीवाल्यांचं स्वतःचं तळमजल्यावरचं घर. झोपायच्या खोलीत एक माइक, एक टीव्ही, एक म्हातारा माणूस आणि रविवारची सकाळ. एवढं सोपं काम आपल्या आयुष्यात दुसरं झालं नसेल, असं सीडीवाल्यांना वाटलं, आणि नेमकं ते त्यांनी जिन्यात बोलून दाखवलं.

समोरच्या बिऱ्हाडातले इंजिनिअर लगेच आत आले. त्यांनी भिंतीवर टिचक्या मारून पाहिल्या. "आवाज घुमतोय. अंड्यांचे ट्रे लावा. पुठ्ठ्याचे. आवाज खाऊन टाकतात."

"आमच्याकडे एवढी अंडी कोण खाणार?"

"अंडी नकोत हो, ट्रे!"

ट्रे आणायला सीडीवाले घाऊक बाजारात गेले. नुसते ट्रे मागणारा माणूस दुकानदाराने आजवर पाहिला नव्हता. त्याने ट्रे दिले, पण भरलेले. पुढचे दोन आठवडे त्या घरात जे शिजलं त्याबद्दल बायको आजही बोलत नाही. ट्रे भिंतीला चिकटेनात. चिकटले ते रंगाचे पोपडे घेऊन खाली आले. मग इंजिनिअरांनी गाद्या सुचवल्या. गाद्या खिडक्यांना टेकवल्या, दारावर रजया टांगल्या, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. टिकटिक थांबली तेव्हा फ्रिज ऐकू आला. तोवर तो चालू असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. फ्रिज बंद केला. मग नळ ऐकू आला. नळ बंद केला. मग वरच्या काकूंचं शिवणाचं मशीन ऐकू आलं, आणि सीडीवाल्यांना कळलं की शांतता हा कांद्यासारखा प्रकार आहे. सोलत जावं तसा आत आणखी आवाज सापडतो.

काकू वरच्या मजल्यावर पडदे आणि उशांचे अभ्रे शिवत, तेही रविवारीच, कारण इतर वार त्यांना नोकरी होती. सीडीवाले वर गेले. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी थांबेन हो. पण माझ्या वरचे थांबणार आहेत का? व्यायाम करतात की फरशी फोडतात, देव जाणे. तुम्ही सेक्रेटरींना का नाही सांगत? एक नोटीस लावतील, प्रश्न मिटेल."

सोसायटीचे सेक्रेटरी कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते. खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी सीडीवाल्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभं राहून विचारलं, "म्हणजे इमारतीत शूटिंग आहे?"

"शूटिंग नाही. नुसता आवाज."

"नुसता आवाज कशाला? आवाज तर आपल्याकडे भरपूर आहे."

"तोच नकोय."

"आवाजासाठी येणार आणि आवाज नकोय." सेक्रेटरींनी डोळे मिटून हे मनात नोंदवलं. "उपक्रम व्यावसायिक आहे. म्हणजे समितीची परवानगी लागेल. समितीचे निरीक्षक जागेवर हजर राहतील. आणि कलाकारांच्या गाड्या आवारात लागणार नाहीत."

"कलाकार एकच आहेत. त्यांना मुलगी सोडणार आहे."

"सुरुवातीला सगळे असंच सांगतात," सेक्रेटरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी नोटीस लागली. 'तळमजल्यावर चित्रपटविषयक काम होणार असून सुप्रसिद्ध दिग्दर्शक येत आहेत. सबब सर्व सभासदांनी रविवारी सकाळी पूर्ण शांतता पाळावी.' 'सुप्रसिद्ध' हा शब्द सेक्रेटरींनी स्वतःच्या जबाबदारीवर घातला होता. त्या नोटिशीचा परिणाम तत्काळ झाला. ज्यांना रविवारी बाहेर जायचं होतं, त्यांनी जाणं रद्द केलं. काकूंच्या वरच्या व्यायामवाल्या जोडप्याने विचारलं, गर्दीचा सीन आहे का. जिन्यात सीडीवाल्यांना पहिल्यांदाच कुणीतरी 'साहेब' म्हणालं; लग्नाची कॅसेट मात्र हातात होतीच.

शनिवारी सीडीवाले डोकं धरून बसले. "सगळी इमारत घरात असणार. एकेकाचा आवाज कसा बंद करू?"

बायको रजयांची घडी मोडत होती. "आवाज करणारे सगळे इथेच आणून बसवा," ती म्हणाली. "खोलीत बसले की आपोआप गप्प. काकू इथे असल्या तर वर मशीन कोण चालवणार आहे? त्यांचं भूत?"

युक्तीत खोट काढायला सीडीवाल्यांनी बराच प्रयत्न केला. खोट होती, पण ती शांततेची नव्हती. ही सगळी माणसं सम्राट बघणार होती. आणि सम्राट बघून न हसलेला माणूस जगात एकच होता, आणि तो अभ्यासक होता.

रविवारी सकाळी खोलीत खुर्च्या, स्टुलं, पलंगाची कड, सगळं भरलं. काकू, व्यायामवालं जोडपं, इंजिनिअर, आणि निरीक्षक म्हणून स्वतः सेक्रेटरी. सीडीवाल्यांनी उभं राहून समज दिली.

"हा अत्यंत गंभीर चित्रपट आहे," ते म्हणाले. "दिग्दर्शकांनी त्यात आयुष्य ओतलंय. काहीही दिसलं तरी हसायचं नाही."

"काहीही म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"काहीही."

"हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं," बायको पुटपुटली.

चष्मेवाले आले. सूट ढगळ होता. सूट तोच होता, आतला माणूस कमी झाला होता. मुलगी त्यांना दारात सोडून, सीडीवाल्यांकडे एकदा रोखून बघून दवाखान्यात गेली. इतकी माणसं बघून चष्मेवाले थबकले. "हे सगळे?"

"चाहते आहेत," सीडीवाले म्हणाले.

चष्मेवाल्यांनी प्रत्येकाकडे निरखून पाहिलं. सवयच ती. "तुमचा नंबर वाढलाय," ते सेक्रेटरींना म्हणाले. "आणि तुमची फ्रेम कुणीतरी गळ्यात मारलीय," हे इंजिनिअरांना. मग ते खुर्चीत बसले, माइक पुढे ओढला, सीडीवाल्यांनी कानाला हेडफोन लावले आणि सिनेमा सुरू केला. खोलीत पाखरू फडफडलं असतं तरी ऐकू आलं असतं, इतकी शांतता पसरली. सीडीवाल्यांना भरून आलं. अशी शांतता त्यांनी स्वतःच्या लग्नानंतर अनुभवली नव्हती.

आणि त्या शांततेत चष्मेवाले एक अक्षर बोलले नाहीत.

नावं सरकली. जहाज बुडालं. नायक पाण्याखाली सुक्या केसांनी उठून बसला. चष्मेवाले गप्प. सीडीवाल्यांनी हातवारे केले, 'बोला, बोला.' चष्मेवाल्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सीडीवाल्यांनी वाकून कुजबुजत विचारलं, "काही आठवत नाहीये का?"

"सगळं आठवतंय," चष्मेवाले म्हणाले. अधूनमधून ते पडद्याऐवजी मान वळवून मागे बसलेल्या माणसांकडे बघत होते, आणि दरवेळी वळताना खुर्चीत थोडे आणखी खाली सरकत होते. गाद्यांमुळे खोली तापली होती. हेडफोनमध्ये सीडीवाल्यांना फक्त एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, अत्यंत स्वच्छ. मालकांसमोर ही कॉमेंटरी ठेवायची कशी, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि कराटेवाला डोळ्यांसमोर उभा राहिला.

तेवढ्यात नायिका किंचाळली. म्हणजे राक्षस यायला अजून वेळ होता. आधी एक पाय आला. मग दुसरा. मग उरलेले सहा नुसतेच, बोळा होऊन आले. व्यायामवाल्याचे खांदे हलू लागले. सेक्रेटरींनी रुमाल तोंडात कोंबला. खिडकीची गादी थरथरत होती. तिच्यामागे इंजिनिअर होते. राक्षस नायिकेसमोर उभा राहिला आणि आपल्या उजव्या पायाने आपली डावी बाजू सावकाश खाजवली.

काकू फुटल्या. पहिला आवाज शिटीसारखा निघाला, आणि मग धरणच. त्यांच्यामागे सगळे. सेक्रेटरींचा रुमाल उडाला. व्यायामवाली नवऱ्याच्या पाठीत गुद्दे मारत हसत होती. बायकोने तोंडावर उशी दाबली, पण उशीही हसत होती. सीडीवाल्यांच्या डोळ्यांसमोर दातांची डॉक्टर आली, हातात काहीतरी टोकदार घेऊन.

चष्मेवाल्यांनी वळून पाहिलं. हसणं तुटक तुटक होत थांबलं.

"कोण हसलं आधी?"

सेक्रेटरींनी खाली पडलेला रुमाल उचलून खिशात घातला.

"मी," काकू म्हणाल्या. डोळे पुसत, पण मान वर करून. "माफ करा हो. पण तो अगदी आमच्या ह्यांच्यासारखा खाजवत होता. हे असेच उठतात सकाळी."

"ते खाजवणं खरंच आहे," चष्मेवाले म्हणाले. "आत माणूस होता. रबराने त्याच्या अंगावर पुरळ उठली होती. मी ओरडतोय, हात हलवू नको, तो म्हणतो, हात नाही साहेब, पाय आहे."

पुन्हा हशा झाला. चष्मेवाले खुर्चीत ताठ झाले. आणि मग ते जे बोलत सुटले त्याला तोड नाही. पाणी कुठून आणलं, समुद्रतळ कुणाच्या गोठ्यात उभारला, नायिका आधीच का किंचाळते (तिला शेवटची बस गाठायची होती), सगळं. इंजिनिअर विचारत होते, काकू विचारत होत्या, मधेच सेक्रेटरींनी विचारलं, "परवानगी घेतली होती?"

"अजिबात नाही," चष्मेवाले म्हणाले, आणि सेक्रेटरीही हसले.

शेवटी इंजिनिअरांनी विचारलं, "मग सिनेमा आला तेव्हा लोक असेच हसले असतील?"

सीडीवाल्यांना दातांच्या डॉक्टरला दिलेला शब्द आठवला.

"पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत बसलो होतो," चष्मेवाले म्हणाले. "फार थोडी माणसं होती. कुणी घाबरलं नाही. कुणी हसलं नाही. शिवीसुद्धा नाही दिली कुणी. राक्षस आला, आणि थिएटरात पंखा ऐकू येत होता. मग एकेक जण उठून गेला, पायरीचाही आवाज न करता. मघाशी तुम्ही सगळे असे गप्प बसलात ना, तेव्हा मला वाटलं, झालं, पुन्हा तेच."

सीडीवाल्यांनी उगाच हेडफोनची वायर सरळ केली. महिनाभर खपून, गाद्या टांगून, फ्रिज बंद करून त्यांनी या माणसासाठी नेमकं काय तयार केलं होतं, ते त्यांना आता कळत होतं.

पडद्यावर 'समाप्त' आलं. "अरे, पहिला अर्धा भाग राहिला," चष्मेवाले म्हणाले. "पुन्हा लावा. आता बोलतो."

चहा झाला, सिनेमा पुन्हा सुरू झाला. चष्मेवाले आता जहाज बुडाल्यापासून बोलत होते आणि झकास बोलत होते. पण मागची माणसं चांगली होती, हीच अडचण झाली. पहिल्या खेळाची गोष्ट ऐकून प्रत्येकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बिचाऱ्याला हसलो, पुन्हा नाही हसायचं, असं जो तो मनाशी ठरवून बसला होता. नायिका किंचाळली. सेक्रेटरींनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. राक्षस आला. एक पाय, दुसरा पाय, सहा पाय. खोलीत कुणी हललं नाही.

"आणि इथे बघा, कॅमेरा..." चष्मेवाले म्हणाले आणि थांबले. त्यांनी मान किंचित मागे वळवली. त्यांचे खांदे सूटमध्ये जरा आत गेले.

सीडीवाले हेडफोन लावून तो श्वास ऐकत होते. आयुष्यभर त्यांनी मुलाखतींमधून खोकले काढले होते, शिंका काढल्या होत्या, खुर्च्यांची करकर काढली होती. आपणच आवाज करायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि हसले. निघालं ते हसणं नव्हतं. जुन्या स्कूटरला किक मारावी तसं काहीतरी होतं. बायकोने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा किक मारली, आणि नेमकं तेव्हाच राक्षसाने खाजवलं, आणि सीडीवाल्यांना तो पहिल्यांदा दिसला. रूपक नाही, घुसमट नाही. ट्यूबमध्ये अडकलेला, पुरळ उठलेला एक माणूस, समुद्राच्या तळाशी, आपल्या कामावर. ते जे हसायला लागले ते थांबेचनात. हेडफोन घसरून गळ्यात आले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांना हसताना बघून बायको हसली, बायकोला बघून काकू, आणि मग पुन्हा सगळी खोली.

चष्मेवाल्यांनी वळून सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं. मग माइक जवळ ओढला.

"हं. तर कॅमेरा इथे हलतोय," ते म्हणाले. "कारण धरणारा हसत होता. मी त्याच्यावर फार ओरडलो त्या दिवशी." आणि पुन्हा पडद्याकडे वळून म्हणाले, "शॉट मात्र ठेवला."